नैराश्य किती जणांना, आणि कोणाला

भारतात नैराश्य किती लोकांना आहे? प्रश्न साधा आहे, पण मिळालेली उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत. बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात पाहणीच्या वेळी नैराश्यात असलेल्या प्रौढांचं प्रमाण २.७ टक्के निघालं. चेन्नईत पंचवीस हजारांहून अधिक लोकांना प्रश्न विचारले गेले आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात हेच प्रमाण १५.१ टक्के होतं. पुण्यातल्या एका पाहणीत आयुष्यात कधी ना कधी नैराश्य येऊन गेलेले लोक ३.१४ टक्के आढळले, तर अमरावती जिल्ह्यातल्या काही खेड्यांत पाहणीच्या वेळीच नैराश्यात असलेले १४.६ टक्के. आणि गोव्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात नाव नोंदवलेल्या गरोदर बायांची बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी विचारपूस केली, तेव्हा त्यांतल्या २३ टक्के जणी नैराश्यात होत्या.

हे आकडे शेजारी शेजारी ठेवले की काही जण म्हणतात, मनाचं मोजमाप होतच नाही, सगळं बेभरवशाचं आहे. काही जण आपल्याला हवा तो आकडा उचलतात. खळबळ उडवायची असेल तर पंधरा टक्के, विषय बाजूला सारायचा असेल तर पावणेतीन. दोन्ही प्रकारांनी नुकसान होतं ते आजारी माणसाचंच. हे सगळे अभ्यास गंभीरपणे केलेले आहेत आणि ते एकत्र वाचले तर एक गोष्ट ठळक दिसते. 'किती' या प्रश्नाचं उत्तर मोजण्याच्या रीतीप्रमाणे बदलतं. 'कोणाला' या प्रश्नाचं उत्तर मात्र चेन्नईत, गोव्यात, वऱ्हाडात आणि लंडनमध्येही जवळपास तेच येतं. आपल्याला जास्त उपयोग आहे तो या दुसऱ्या उत्तराचा.

आधी मोजण्याबद्दल. नैराश्याची रक्ततपासणी नसते. निदान होतं ते बोलण्यातून. किमान दोन आठवडे, दिवसाचा बराच वेळ मन खिन्न राहणं किंवा ज्यात जीव रमायचा त्यात तो न रमणं, ही मुख्य खूण. सोबत झोप मोडणं किंवा नको तेवढी झोप येणं, भूक जाणं, कायम थकवा, लक्ष न लागणं, आपण कुचकामी आहोत असं वाटणं, हालचाली मंदावणं, मरणाचे विचार. आणि या सगळ्यामुळे रोजचं काम अडणं. हे ओळखायच्या दोन रीती आहेत. पहिली चाळणी प्रश्नावलीची. जगभर वापरली जाणारी 'पीएचक्यू-९' ही नऊ प्रश्नांची यादी मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारते, प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण देते आणि सत्तावीसपैकी दहा किंवा अधिक गुण आले तर नैराश्याची शक्यता धरते. पाच मिनिटांत उरकणारी ही यादी आशा कार्यकर्तीही विचारू शकते. दुसरी रीत सविस्तर निदान-मुलाखतीची. तिथे प्रत्येक लक्षण किती दिवस होतं, कामावर काय परिणाम झाला, दारू किंवा दुसरा आजार याचं कारण नाही ना, हे सगळं पाहून मगच होकार दिला जातो.

चेन्नईचा अभ्यास पहिल्या रीतीचा होता, निम्हान्सचा दुसऱ्या. त्यामुळे १५ आणि २.७ हे एकाच प्रश्नाचे दोन निकाल नाहीत. चाळणीत सापडलेल्या प्रत्येकाला औषधोपचार लागेलच असं नाही, पण तो माणूस सुखात आहे असंही नाही. निदान-मुलाखतीत जे उरतात ते बहुधा खरोखर आजारी असतात. मात्र आजाराच्या उंबरठ्यावर असलेले अनेक जण त्या मोजणीबाहेर राहतात. काळाच्या चौकटीचाही फरक पडतो. आत्ता, वर्षभरात की आयुष्यात कधीतरी? निम्हान्सच्याच सर्वेक्षणात आयुष्यभराचं प्रमाण ५.२ टक्के आहे, म्हणजे चालू प्रमाणाच्या जेमतेम दुप्पट. नैराश्य वारंवार उलटणारा आजार आहे हे लक्षात घेतलं तर इतकं कमी अंतर पटत नाही. माझ्या मते याचं कारण आठवणीत आहे. ज्याला त्या काळात कोणी आजार म्हटलंच नाही, तो काळ माणूस दहा वर्षांनी आजार म्हणून सांगत नाही. वाईट दिवस होते, निघून गेले, एवढंच तो म्हणतो. पुण्याच्या ३.१४ टक्क्यांकडेही मी याच नजरेने पाहतो.

शिवाय विचारतं कोण आणि ऐकतं कोण? ओसरीवर खुर्ची टाकून अनोळखी माणूस प्रश्न विचारतोय, दारात सासू उभी आहे, आत नवरा आहे. अशा वेळी 'जगावंसं वाटत नाही असं कधी मनात येतं का?' या प्रश्नाला सुनेने काय उत्तर द्यावं? घरोघरच्या पाहणीतले आकडे खऱ्यापेक्षा कमी असण्याची शक्यता जास्त, असं मला वाटतं ते यामुळे.

महाराष्ट्राच्या वाचकाने आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. निम्हान्सच्या त्या सर्वेक्षणातल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, गोवाही नव्हता. पंजाबपासून मणिपूरपर्यंत आणि केरळपासून आसामपर्यंत राज्यं निवडली गेली. शेजारचा गुजरात, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड त्यात होते. त्यामुळे 'महाराष्ट्रात इतके टक्के' असा आकडा कोणी त्या सर्वेक्षणाच्या नावावर सांगत असेल तर तो तिथला नाही. राज्यांसाठी जे आकडे सांगितले जातात ते बहुतांशी जागतिक रोगभाराच्या अंदाजांतून येतात. त्या अंदाजांनुसार २०१७ साली देशात १९.७३ कोटी लोकांना, म्हणजे दर सात माणसांतल्या एकाला, कोणता ना कोणता मानसिक विकार होता. नैराश्याचे रुग्ण ४.५७ कोटी होते, म्हणजे लोकसंख्येच्या ३.३ टक्के. नैराश्याचं प्रमाण जास्त असलेल्या राज्यांत तमिळनाडू, केरळ, तेलंगणा यांच्यासोबत गोव्याचं नाव आहे. ज्या राज्यांत नैराश्य जास्त, तिथे आत्महत्यांचं प्रमाणही साधारणपणे जास्त, असंही त्यात दिसलं. हे गणिती अंदाज आहेत, घरोघरची मोजणी नव्हे. तरी निम्हान्सच्या २.७ च्या ते फार लांब नाहीत, हे ध्यानात घेण्याजोगं आहे.

या साऱ्या आकड्यांत मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी जोडी म्हाताऱ्या माणसांची आहे. २०१७-१८ च्या देशव्यापी वृद्धत्व अभ्यासात साठीपुढच्या लोकांना लक्षणं विचारून मोजलं तेव्हा ८.३ टक्के लोकांना नैराश्य असावं असं दिसलं. त्याच वयाच्या लोकांना 'तुम्हाला नैराश्य आहे असं डॉक्टरांनी कधी सांगितलं का?' असं विचारलं, तर हो म्हणणारे निघाले ०.८ टक्के. दहातल्या नऊ जणांना आपल्याला काय झालंय हे कोणी सांगितलेलंच नाही. म्हातारपणी असं व्हायचंच, झोप कमी होते, बोलणं कमी होतं, जेवण कमी होतं, असं म्हणून घरचे, शेजारचे आणि कित्येकदा डॉक्टरही ते सोडून देतात.

नैराश्य वाढतंय का, हा पुढचा प्रश्न हमखास येतो. याचं उत्तर देण्यासाठी एकाच ठिकाणी, एकाच रीतीने, मोठ्या अंतराने दोनदा मोजावं लागतं. असं काम भारतात फार थोडं झालं आहे. पश्चिम बंगालमध्ये नंदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ आणि १९९२ अशी वीस वर्षांच्या अंतराने त्याच गावांची पाहणी केली. एकूण मानसिक आजारांचं प्रमाण हजारी ११६.८ वरून १०५.२ वर आलं, म्हणजे विशेष बदललं नाही. बदललं ते आजारांचं रूप. अंगात येणं, दातखिळी बसणं, बेशुद्ध पडणं अशा रूपात दिसणारा उन्माद झपाट्याने कमी झाला आणि नैराश्य वाढलं. समाज बदलला तसं दुःख व्यक्त करण्याचं वळण बदललं, असं मी यातून समजतो. कोविडच्या काळाबद्दल मात्र जगभराचा अंदाज स्पष्ट आहे: २०२० या एका वर्षात तीव्र नैराश्याचे ५.३ कोटी रुग्ण अधिकचे, म्हणजे २७.६ टक्क्यांची वाढ. आणि ती वाढ पुरुषांपेक्षा बायकांत, म्हाताऱ्यांपेक्षा तरुणांत जास्त.

आता 'कोणाला' या प्रश्नाकडे येऊ.

सगळ्यांत आधी पैसा. चेन्नईच्या अभ्यासात सर्वांत कमी उत्पन्नाच्या गटात नैराश्य १९.३ टक्के होतं आणि सर्वांत वरच्या गटात ५.९ टक्के. एकाच शहरात, एकाच प्रश्नावलीने मोजलेला हा तिपटीहून जास्त फरक आहे. म्हणजे 'श्रीमंतांचा आजार', 'रिकाम्या मनाचं दुखणं' ही समजूत साफ चुकीची आहे. राबून दमलेल्या माणसाला नैराश्याला वेळ नसतो असं आपल्याकडे अजूनही सहज बोललं जातं, आणि त्या बोलण्याने गरिबाचं दुखणं ऐकून घेण्याची गरजच संपवली जाते.

पण गरिबीमुळे नैराश्य येतं की नैराश्याने काम सुटून गरिबी येते? एकदाच केलेल्या पाहणीतून हे कळत नाही. चेन्नईतच घटस्फोटितांमध्ये नैराश्य २६.५ टक्के, विधवा-विधुरांमध्ये २० टक्के आणि विवाहितांमध्ये १५.४ टक्के दिसलं. पण घटस्फोट नैराश्याच्या आधीचा की नंतरचा, हे त्या आकड्यांत नाही. ही गाठ सोडवायची तर परिस्थिती बदलून मन बदलतं का, हे पाहावं लागतं. इंडोनेशियात सरकारने गरीब कुटुंबांना थेट रोख मदत टप्प्याटप्प्याने सुरू केली. जिथे मदत आधी पोचली तिथे आत्महत्यांचं प्रमाण सुमारे १८ टक्क्यांनी घटल्याचं अभ्यासकांना आढळलं. त्याच अभ्यासात पाऊस चांगला झाला, पीक आलं, की शेतकरी कुटुंबांत नैराश्य आणि आत्महत्या कमी होतात असंही दिसलं. मराठवाडा आणि विदर्भाला हे इंडोनेशियातून शिकायची गरज नाही हे खरं. पण 'पावसाचा आणि मनाचा काय संबंध?' असं विचारणाऱ्यांसाठी हे पक्कं उत्तर आहे. उलट दिशेचाही पुरावा आहे. नैराश्यावर उपचार केले की माणसं कामावर जास्त टिकतात. दोन्ही बाजूंनी वाट आहे, म्हणून दोन्हीकडून ती अडवता येते.

जातीचा प्रश्न आपल्याकडच्या अभ्यासांत चमत्कारिकरीत्या कमी विचारला गेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या एका पाहणीत महाराष्ट्रासह सहा राज्यं होती. त्या आकडेवारीवर आशिष गुप्ता आणि डायॅन कॉफी यांनी केलेल्या विश्लेषणात दलित आणि मुस्लिम उत्तरदात्यांचं मानसिक स्वास्थ्य उच्चवर्णीय हिंदूंपेक्षा वाईट दिसलं. शिक्षण आणि मालमत्ता यांचा हिशेब केल्यावरही हा फरक पूर्ण मिटला नाही. म्हणजे पैशाच्या पलीकडे अपमानाचा म्हणून एक स्वतंत्र भार आहे. तो किती, हे सांगणारे अभ्यास मराठी मुलखात व्हायला हवेत.

बायकांबद्दल आपल्याकडे जे काम झालं आहे त्याला जगात तोड नाही, आणि ते गोव्यात झालं आहे. बायकांमध्ये नैराश्य पुरुषांच्या साधारण दीडपट असतं हे जगभराचं निरीक्षण. चेन्नईत ते १६.३ विरुद्ध १३.९ होतं. याचं उत्तर 'संप्रेरकं' एवढंच देऊन थांबायची सवय फार जुनी. डॉ. विक्रम पटेल आणि 'संगथ' या गोव्यातल्या संस्थेतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी ते उत्तर पुरेसं मानलं नाही. उत्तर गोव्यात एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीतल्या जवळपास अडीच हजार स्त्रियांची त्यांनी पाहणी केली. नैराश्य आणि चिंता मिळून प्रमाण निघालं ६.६ टक्के. हा आकडा लहान वाटेल, पण खरा ऐवज पुढे आहे. कोणत्या बायका त्या ६.६ टक्क्यांत होत्या? ज्यांच्यावर नवऱ्याकडून लैंगिक जबरदस्ती होत होती. ज्या विधवा किंवा नवऱ्यापासून वेगळ्या राहत होत्या. ज्यांना घरात स्वतःचा निर्णय घेता येत नव्हता, ज्यांना माणसांचा आधार नव्हता, ज्यांच्या घरी पैशाची ओढाताण होती. आणि ज्यांना अंगावर पांढरं जाण्याचा त्रास होता.

या शेवटच्या गोष्टीवर थोडं थांबायला हवं, कारण आपल्या दवाखान्यांत रोज तेच घडतं. अंगावर पांढरं जातं, कंबर दुखते, अशक्तपणा वाटतो, अशी तक्रार घेऊन बाई येते. डॉक्टर जंतुसंसर्ग समजून गोळ्या देतात, सोबत टॉनिक. गोव्यातल्या या संशोधनात तपासण्या करून पाहिलं, तर या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मानसिक त्रासाशी अधिक घट्ट निघाला. ती बाई खोटं बोलत नाही. तिला खरोखर थकवा आहे. पण तिला परवानगी आहे ती शरीराची तक्रार सांगण्याची. घरातून दवाखान्यात यायला कंबरदुखी चालते, 'मला रडू येतं' हे कारण चालत नाही. त्यामुळे नैराश्याचे रुग्ण आपल्याकडे लपलेले आहेत असं म्हणणं अर्धंच खरं आहे. ते रोज बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत उभे असतात आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेऊन परत जातात.

बाळंतिणींचा अभ्यास याहून अधिक मन हेलावणारा आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात २७० स्त्रियांचा गरोदरपणापासून पाठपुरावा केला होता. नैराश्य आलेल्या २३ टक्क्यांपैकी ७८ टक्के जणींना गरोदरपणातच मानसिक त्रास सुरू झाला होता, आणि निम्म्याहून अधिक जणी बाळ सहा महिन्यांचं झालं तरी त्यातून बाहेर आल्या नव्हत्या. कारणांत पैशाची चणचण होती, नवऱ्याशी बिघडलेले संबंध होते, आणि मुलगा हवा असताना मुलगी होणं होतं. लक्षात घ्या, मुलगी झाली म्हणून आई निराश झाली असं हे नाही. मुलगी झाल्यावर तिच्या वाट्याला काय वागणूक आली, त्याची ही नोंद आहे. पुढे याच मालिकेत असं दिसलं की नैराश्यातल्या आयांची बाळं सहाव्या महिन्यात वजनाने आणि लांबीने मागे पडली होती. कुपोषणावर आपण इतकं बोलतो, अंगणवाडीत बाळाचं वजन करतो, पण आईला झोप लागते का हे विचारायचा रकाना त्या नोंदवहीत नाही. गरोदर बाई तपासणीला तीन-चार वेळा तरी येते. रक्तदाब घेतात, हिमोग्लोबिन पाहतात. तेव्हाच दोन प्रश्न विचारले तर चारपैकी तीन जणी बाळंतपणाआधीच सापडतील, असा या आकड्यांचा सरळ अर्थ आहे.

मनातलं सांगायला एक माणूस असणं, याची किंमतही मोजली गेली आहे. जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस यांनी १९७०च्या दशकात लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या कामगार वस्तीत बायकांचा अभ्यास केला. मोठा आघात झाला तरी ज्यांच्याजवळ मन मोकळं करायला हक्काचं, जिव्हाळ्याचं माणूस होतं, त्यांना नैराश्य कमी आलं. लहान मुलांचा गोतावळा, बाहेर काम नसणं, लहानपणी आई गमावणं या गोष्टींनी धोका वाढला. गोव्यातली आकडेवारी आणि कॅम्बरवेलची आकडेवारी शेजारी ठेवली तर देश ओळखू येत नाही.

पुरुषांचं काय? पाहण्यांत ते कमी दिसतात. पण निम्हान्सच्या सर्वेक्षणात दारूच्या व्यसनाचं प्रमाण साडेचार टक्क्यांच्या आसपास आहे आणि ते जवळपास सगळं पुरुषांचं आहे. त्यातल्या किती जणांनी झोप येण्यासाठी, विचार थांबवण्यासाठी पहिला घोट घेतला? प्रश्नावली खिन्नतेबद्दल विचारते; चिडचिड, मारहाण, गुत्ता यांबद्दल विचारत नाही. पुरुषांचं नैराश्य आपण दुसऱ्याच खात्यावर लिहितो, असं माझं मत आहे. 'कोणाला' या यादीत शरीराचे जुने आजार असलेलेही येतात; त्यांच्याबद्दल एवढंच सांगतो की मधुमेह, हृदयविकार, पक्षाघात झालेल्यांत नैराश्य जास्त असतं, आणि नैराश्य असलं की पथ्य आणि औषधं सुटून तो आजार बळावतो.

आत्महत्येचा उल्लेख टाळता येत नाही, पण तो जपून करायला हवा. २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली आणि त्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रात, सर्व राज्यांत सर्वाधिक. लोकसंख्या मोठी आहे हे खरं, तरी आकडा मोठाच आहे. प्रत्येक आत्महत्येमागे नैराश्याचा आजार असतो असं नाही. कर्ज, मारहाण, एका रात्रीचा संताप, हाताशी असलेलं कीटकनाशक, यांतलं काहीही असू शकतं. आणि नैराश्यातले बहुसंख्य लोक आत्महत्या करत नाहीत. शेतकरी आत्महत्यांचा सगळा प्रश्न 'मानसिक' ठरवून भाव, पाणी, कर्ज यांवरची जबाबदारी झटकणं जितकं अप्रामाणिक, तितकंच 'हे फक्त आर्थिक आहे' म्हणून समोर बसलेल्या माणसाला उपचार नाकारणंही. राज्य सरकारने २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या चौदा जिल्ह्यांसाठी 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. त्यात आशा कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन शेतकरी कुटुंबांची मनःस्थिती विचारायची होती. ही कल्पना योग्य दिशेची होती.

उपचारांबाबत हा विषय निराशाजनक नाही, आणि हे मी धीर देण्यासाठी म्हणत नाही, पुरावा तसा आहे. अडचण अशी की नैराश्य, चिंता या नेहमीच्या विकारांत उपचार न मिळणाऱ्यांचं प्रमाण निम्हान्सच्या पाहणीत ८५ टक्क्यांच्या घरात आहे. लाख लोकांमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ पुरता नाही, हिशेब ०.७५ चा आहे, आणि तेही शहरांत. तज्ज्ञांची वाट पाहत बसलो तर पिढ्या जातील. म्हणून गोव्यात 'मानस' या चाचणीत वेगळं करून पाहिलं. थोडं प्रशिक्षण दिलेल्या, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक समुपदेशकांना दवाखान्यात बसवलं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निकालात, सरकारी आरोग्य केंद्रांत अशी मदत मिळालेल्यांपैकी सहा महिन्यांत ६५.९ टक्के बरे झाले, न मिळालेल्यांपैकी ४२.५ टक्के. खाजगी दवाखान्यांत फरक पडला नाही, कारण तिथे समुपदेशक नसतानाही बरे होण्याचं प्रमाण मुळात चांगलं होतं. तिथला डॉक्टर ओळखीचा असतो, दोन शब्द बोलतो, याचाही त्यात वाटा असावा, असा कयास आहे.

त्यानंतर २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या गोव्यातल्याच दुसऱ्या चाचणीत तीव्र नैराश्य असलेले ४९५ रुग्ण घेतले. सहा ते आठ बैठकी, प्रत्येकी अर्धा-पाऊण तास. बोलायचं काय, तर सुटलेल्या गोष्टी हळूहळू परत कशा सुरू करायच्या, कोणती अडचण कोणत्या पायरीने सोडवायची. तीन महिन्यांनी ६४ टक्के लोकांची लक्षणं ओसरली. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत ३९ टक्के. हे समुपदेशक गावातलेच होते आणि कोकणी-मराठीतून बोलत होते.

अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. तिथे दवाखान्यात येण्याची वाट न पाहता गावात बैठका घेतल्या, माणसांनी 'टेन्शन' म्हणून जे सांगितलं तिथून सुरुवात केली, गावातल्याच कार्यकर्त्यांनी पहिली विचारपूस केली आणि गरज पडली तर पुढे समुपदेशक आणि मानसोपचारतज्ज्ञ. सुरुवातीला नैराश्यातल्या लोकांपैकी कोणतीही मदत घेणारे होते ४.३ टक्के, शेवटी ते २७.२ टक्के झाले. वर्षभरात आत्महत्येचे विचार आलेल्यांचं प्रमाण ५.२ वरून २.५ वर आलं. नैराश्य १४.६ वरून ११.३ वर. नाशिक जिल्ह्यातल्या गावांत सुरू होऊन पुढे गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात विस्तारलेल्या 'आत्मीयता' उपक्रमातही गावातलेच स्वयंसेवक ऐकून घ्यायला शिकले आणि सरकारी योजनांचे अर्ज भरायलाही मदत करू लागले. मला ही जोड फार महत्त्वाची वाटते. विधवा पेन्शन थांबलेल्या बाईला चार बैठकींत धीर द्यायचा आणि पेन्शनचं विचारायचंच नाही, याला मी उपचार म्हणणार नाही.

कायदाही बाजूने आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य देखभाल कायद्याने सरकारी खर्चाच्या सेवेतून उपचार मिळवण्याचा हक्क दिला आणि आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायला सांगितलं. १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलिमानस' ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चालू आहे आणि तिथे मराठीतून बोलता येतं. हा क्रमांक प्रत्येक आरोग्य केंद्राच्या आणि कृषी सेवा केंद्राच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत असायला हवा.

तरी 'विश्राम'चा तो २७.२ चा आकडा उलटा वाचून पाहा. गावोगाव बैठका, घरोघर माणसं, फुकट उपचार, एवढं सगळं करूनही शंभरातले त्र्याहत्तर मदतीपर्यंत पोचले नाहीत. आणि जिथे असं काही झालंच नाही त्या तालुक्यांत काय असेल? पुढच्या पाहणीने महाराष्ट्रासाठी नैराश्याच्या टक्क्यासोबत मदतीपर्यंत न पोचलेल्यांचा टक्काही जिल्हावार काढावा, आणि विचारताना कर्ज, मारहाण, जात, घरातला एकटेपणा यांचे रकाने ठेवावेत. प्रकल्पांचा पैसा तीन-चार वर्षांत संपतो आणि शिकलेला समुपदेशक दुसरी नोकरी शोधतो. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मंजूर आकृतिबंधात औषधनिर्मात्याचं पद आहे, प्रयोगशाळा तंत्रज्ञाचं आहे. त्यांच्या खालच्या ओळीत, नियमित पगाराचं, समुपदेशकाचं एक पद लिहिलं जाईपर्यंत गोव्यात आणि अमरावतीत सिद्ध झालेली गोष्ट इतर ठिकाणच्या रुग्णाला मिळणार नाही.